हप्ता का वाढतो? मेडिक्लेमच्या फाईलमधून घरचा आणि देशाचा हिशेब कसा वाचायचा

आधी कपाटातून तीन कागद काढा. मेडिक्लेमची पॉलिसी, या वर्षीची रिन्यूअलची नोटीस, आणि घरातलं कुणी अलीकडे ॲडमिट झालं असेल तर त्याचं पूर्ण तपशिलाचं बिल. नुसती पैसे भरल्याची पावती चालणार नाही. रूम, ओटी (ऑपरेशन थिएटर), औषधं, तपासण्या वेगवेगळ्या ओळींत आहेत असं बिल पाहिजे. घरात नसेल तर शेजाऱ्याचं मागा. कोल्हापुरात ऑपरेशनचं बिल कुणी लपवत नाही, उलट चहा पाजून दाखवतात.

मी राजारामपुरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिक्लेमच्या डेस्कवर होते. फाईल पाठवायची, टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, क्वेरीला उत्तर द्यायचं, डिस्चार्जच्या दिवशी अप्रूव्हल येईपर्यंत नातेवाइकांची बोलणी खायची, असं ते काम. आता घरी असते, मंगळवार पेठेत. गल्लीतली माणसं नोटीस हातात घेऊन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "वैनी, कंपन्यांवर सरकारचा कंट्रोल हाय न्हवं? मग हप्ता दरसाल का चढतोय?"

कंट्रोल आहे, आणि तो वाढतही चाललाय. पण तो कशावर आहे आणि कशावर नाही, हे कागदातूनच शोधायची एक पद्धत आहे. ती जमली की आपला हप्ता कळतो आणि विम्याचे नियम बदलल्यावर देशाच्या एकूण आरोग्यखर्चाचं काय होतं तेही कळतं. दोन्हीला आकडेमोड एकच आहे.

हप्त्याच्या शंभर रुपयांचे तुकडे

रिन्यूअलच्या नोटिशीवरची रक्कम शंभर रुपये समजा. हे शंभर जातात कुठे?

विमा कंपन्यांवर देखरेख करते ती आयआरडीएआय. कायदा १९९९ चा, संस्था २००० सालापासून. तिने २०२३ मध्ये घातलेली मर्यादा अशी आहे: सर्वसाधारण विमा कंपनीने कमिशन, पगार, जाहिरात, ऑफिस धरून आपला खर्च हप्त्याच्या ३० टक्क्यांत बसवायचा, आणि फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीने ३५ टक्क्यांत. म्हणजे शंभरातले तीस-पस्तीस रुपये पेशंटपर्यंत पोचायच्या आधीच खर्ची पडायला नियमानेच वाव आहे. उरले त्यातून क्लेम आणि नफा.

दुसरा आकडा क्लेमचा. गोळा केलेल्या शंभरातले किती रुपये क्लेमपोटी गेले, तो आकडा प्रत्येक कंपनी आपल्या वेबसाइटवर 'पब्लिक डिस्क्लोजर'मध्ये टाकते, आणि आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात सगळ्यांचा एकत्र सापडतो. अलीकडच्या अहवालांत सरकारी कंपन्यांचा आकडा शंभराच्या वर आहे, फक्त आरोग्य विमा विकणाऱ्यांचा साठ ते पासष्टच्या आसपास. हे वाचून लगेच "सरकारी कंपनी देवमाणूस" असं ठरवू नका. सरकारी कंपन्यांकडे कारखान्यांच्या, ऑफिसांच्या ग्रुप पॉलिसी भरपूर असतात आणि त्या स्पर्धेत फार स्वस्तात विकल्या जातात. तुमच्या-माझ्यासारखे एकेकटे घेणारे जास्त करून दुसरीकडे असतात, आणि एकेकट्याला विकायचं म्हणजे एजंटाचं कमिशन जास्त.

आपल्याकडे मर्यादा आहे ती कंपनीच्या खर्चावर. अमेरिकेने उलट्या बाजूने धरलं. २०१० च्या कायद्यात त्यांनी सांगितलं की एकेकट्याच्या आणि लहान ग्रुपच्या पॉलिसीत शंभरातले किमान ८० आणि मोठ्या ग्रुपच्या पॉलिसीत किमान ८५ उपचारांवर गेले पाहिजेत, नाहीतर फरक ग्राहकाला परत. २०१२ पासून तिथल्या लोकांना खरोखर परतावे मिळतात. ऐकायला झकास. पण त्याने देशाचा खर्च उतरला का? अमेरिका अजूनही आपल्या उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर घालवते, जगातल्या कुठल्याही मोठ्या देशापेक्षा जास्त.

कारण सोपं आहे. कंपनीचा वाटा वीस टक्क्यांवर बांधला तर लाखाच्या बिलाचे वीस टक्के आणि दोन लाखांच्या बिलाचे वीस टक्के यांत तिला कुठले बरे वाटतील? टक्का बांधल्यावर रुपये वाढवायचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे एकूण रक्कम वाढू देणे. आपल्या भागात हे कुणालाही पटकन कळेल. कारखान्याच्या नफ्याला मर्यादा घातली म्हणून उसाचा दर ठरत नाही. दर एफआरपीने, म्हणजे सरकारने उसाला बांधून दिलेल्या दराने, ठरतो आणि त्यासाठी रस्त्यावर वेगळं उतरावं लागतं. (एफआरपी हा किमान दर असतो आणि इथे आपल्याला कमाल हवा, तेवढा फरक सोडून द्या.)

म्हणून पहिल्या कागदावर एवढंच लिहा: हा नियम कंपनीच्या वाट्यावर आहे की उपचाराच्या दरावर?

बिलाच्या प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे

आता बिल घ्या. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने दर आणि संख्या लिहा. रूमचा दिवसाचा दर आणि किती दिवस. डॉक्टरांच्या एका व्हिजिटचे किती आणि व्हिजिट किती. तपासणी कितीची आणि किती वेळा. देशाचा आरोग्यखर्चही शेवटी हाच गुणाकार आहे, फक्त तो कोट्यवधी बिलांचा. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये श्रीमंत देशांचे आकडे शेजारी ठेवून दाखवलं होतं की अमेरिकन माणूस इतरांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जात नाही, हॉस्पिटलात जास्त दिवस झोपतही नाही. त्याच गोष्टीला तो पैसे जास्त देतो. तिथलं दुखणं दरात आहे.

आपलं कुठे आहे ते बघायला एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी गोल केलेत. उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस. तीन लाखांची जुनी पॉलिसी, रूम रेंटला मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मेडिक्लेम हाय की, एसी रूम घ्या." घेतली ६,००० ची. चार दिवसांचे २४,०००. सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग, व्हिजिट मिळून ७०,०००. औषधं आणि तपासण्या ३६,०००, त्यात ४,००० चं ग्लोव्हज वगैरे, जे कंपनी देत नाही. एकूण १,३०,०००.

कंपनी देणार किती? रूमचे १२,०००. रूम मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून तिच्याशी जोडलेले खर्चही निम्म्यावर येणार, म्हणजे सत्तर हजारांचे ३५,०००. औषध-तपासण्यांचे ३२,०००. बेरीज ७९,०००. खिशातून ५१,०००. रूमच्या भाड्यातला फरक बघायला गेलं तर फक्त बारा हजारांचा होता! डिस्चार्जच्या दिवशी हा हिशेब समजावून सांगणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम. माणूस आजारातून उठलेला असतो आणि त्याला वाटतं डेस्कवरच्या बाईनेच पैसे कापले.

यात दोन नियम लक्षात ठेवा, दोन्ही २०२० पासूनचे आहेत. औषधं, कन्झ्युमेबल, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे चार्जेस यांना ही प्रमाणात कपात लावता येत नाही. आणि जे हॉस्पिटल रूमप्रमाणे दर बदलत नाही, सगळ्यांना एकच ओटी चार्ज लावतं, तिथेही ही कपात लावता येत नाही. हॉस्पिटल तसं असेल तर लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या. एवढ्या दोन ओळींनी बराच पैसा वाचतो.

आता हाच हिशेब देशाच्या बाजूने बघा. तोच सर्जन, तेच थिएटर, तीच दुर्बीण. खिडकीबाहेर रंकाळा दिसतो म्हणून भुलेच्या डॉक्टरची फी का वाढावी? खरं उत्तर असं की ज्याला परवडतं त्याच्याकडून जास्त घ्यायचं. पूर्वी डॉक्टर हे माणूस बघून करायचे, त्यात गरिबाला सूटही मिळायची. आता ते पॉलिसी बघून होतं. रिसेप्शनला पहिला प्रश्न काय असतो? "मेडिक्लेम आहे का?" पॉलिसीतली रूमची मर्यादा कितीही जाचक वाटली तरी ती या सवयीला एक ओबडधोबड लगाम होती. आता 'रूमला मर्यादा नाही' अशा पॉलिसी जोरात विकल्या जातात. घेणाऱ्याला त्या सुटसुटीत, यात शंका नाही. पण लगाम सुटला की बिल वाढतं, बिल वाढलं की क्लेम वाढतो, आणि पुढच्या वर्षी नोटीस येते. ती साधी रूम घेणाऱ्यालाही येते.

नियमांच्या तीन राशी करा

पेपरात विम्याचा नवा नियम आला की मी तो तीनपैकी एका राशीत टाकते. तुम्हीही टाका. विचारायचं एवढंच: यामुळे एकूण बिल कमी झालं, वाढलं, की फक्त देणारा बदलला?

*देणारा बदलला.* ही रास सगळ्यात मोठी होते. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांचा क्लेम मिळायला थांबायचा काळ २०२४ मध्ये जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. पाच वर्षं पॉलिसी सलग चालवली की, फसवणूक सोडली तर, 'तुम्ही आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षं होती. पासष्टीनंतरही नवी पॉलिसी मिळू शकते. जानेवारी २०२५ पासून साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं. सगळे नियम चांगले आहेत आणि माझ्या वयाला तर हवेतच. पण साखरेचा पेशंट चारऐवजी तीन वर्षांनी आत आला म्हणून इन्सुलिनची किंमत बदलत नाही. आधी तो खिशातून द्यायचा, आता विमा देतो, आणि विमा म्हणजे बाकीचे हप्ते भरणारे. म्हाताऱ्यांच्या हप्त्याला दाबलं की तरुणांचा थोडा वर येतो. याला फसवणूक म्हणू नका, विमा असाच चालतो. फक्त याला खर्च कमी करणारा नियमही म्हणू नका.

जीएसटीही याच राशीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर गेला. त्या दिवाळीला गल्लीत सगळे खूश होते. पण सरकारने सोडलेला पैसा आणि हॉस्पिटलने कमी केलेलं बिल या एक गोष्टी नव्हेत. शिवाय कंपनीला आधी स्वतःच्या खरेदीवरच्या कराची जी वजावट मिळायची तीही गेली, म्हणजे तो भार मूळ हप्त्यात हळूच येऊ शकतो. नोटीस वाचताना कर सोडून मूळ हप्ता गेल्या वर्षीच्या मूळ हप्त्याशी ताडून बघा.

*एकूण वाढलं.* कॅशलेस, म्हणजे कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरणं, जितकं सोपं, तितके लोक जास्त ॲडमिट होतात. २०२४ पासून कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पेशंटसाठी फार चांगला नियम. पण सोपं झालं की वापर वाढतो, हे जुनं निरीक्षण आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संस्थेने हजारो लोकांना वेगवेगळ्या पॉलिसी देऊन प्रयोग केला होता. ज्यांना सगळं फुकट होतं त्यांचा खर्च, जवळजवळ सगळं खिशातून द्यावं लागणाऱ्यांपेक्षा तीसेक टक्क्यांनी जास्त झाला, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. एक अपवाद मात्र ठसठशीत होता. गरीब आणि ब्लड प्रेशर असलेल्यांना फुकट उपचारांचा खरा फायदा झाला.

हा अपवाद मी विसरत नाही. पाच वर्षं साखर न तपासलेला माणूस शेवटी डायलिसिसला येतो तेव्हा वाचवलेले पैसे व्याजासकट जातात. तेव्हा एकूण खर्च वाढला म्हणजे वाईटच झालं असं नाही. वाढलेल्या बिलात दर वाढला की गरजेचे उपचार वाढले, हे पेन्सिलीचे दोन आकडे सांगतील.

आणि याच राशीत मी स्वतःही आहे. माझा पगार, टीपीएतली मुलं, कंपनीचे डॉक्टर, क्वेरी लिहिणारे, क्वेरीची उत्तरं लिहिणारे, आम्ही सगळे त्या शंभर रुपयांतच जेवतो. नियमाची एक ओळ वाढली की दोन्हीकडे एकेक माणूस वाढतो. बऱ्याच कंपन्या, प्रत्येकीची पद्धत वेगळी, म्हणून हॉस्पिटलात या कामाचं वेगळं खातंच ठेवावं लागतं.

*एकूण कमी झालं.* ही रास लहान भरते, कारण यात फक्त दराला हात घालणारे नियम येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातल्या स्टेंटची किंमत बांधली गेली. औषध लावलेला जो स्टेंट लाखाच्या वर जायचा तो तीस हजारांच्या आसपास आला, आणि विमा असलेल्याला आणि नसलेल्याला सारखाच. हा नियम विम्याच्या खात्यातून आलाच नव्हता. औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीएने तो केला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं आणि त्यावर पेशंटकडून घ्यायचं नसतं. ती २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर राज्यभर गेली, आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आणि पाच लाखांपर्यंत आहे. सरकारी विमा कंपन्यांनीही २०१० मध्ये मुंबईसारख्या शहरांत बड्या हॉस्पिटलांची कॅशलेस बंद करून दर ठरवून घेतले होते, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!

आणि मे २०२० आठवा. राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांना दर लावले: वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. दर बांधता येतो हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. पीपीई किट त्या दरात नव्हतं, आणि मग किटांची ओळ कशी लांबली तेही पाहिलं. जे बांधलं नाही तिथून बिल फुगतं. उलट पॅकेज फारच खाली ठेवलं तर हॉस्पिटलं योजनेतून अंग काढून घेतात आणि पेशंटला सीपीआरकडे, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलकडे, बोट दाखवतात. दर ठरवणं हे नाजूक काम आहे, एकदा करून विसरायचं नाही.

दुसऱ्या देशांकडे बघताना

युरोपात विमा खासगी, पण बेसिक पॉलिसीत कुणाला नाकारता येत नाही, आजारावरून हप्ता वाढवता येत नाही, असे देश आहेत. नेदरलँड्सने २००६ मध्ये सगळ्यांना अशी पॉलिसी सक्तीची केली. ज्या कंपनीकडे आजारी लोक जास्त, तिला सामाईक निधीतून भर मिळते. वर्षाला पहिले ३८५ युरो पेशंटचे, पण फॅमिली डॉक्टरकडे जायला त्यातलं काही लागत नाही, म्हणून माणूस वेळेवर जातो. तरी खर्च आवरायला २०१२ पासून सरकार, विमेवाले आणि हॉस्पिटलं यांना एकत्र बसून वाढीची कमाल ठरवावीच लागली. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून बेसिक विम्यावर कंपनीला नफाच घेता येत नाही. तरी २०२४ साठी तिथला हप्ता सरासरी ८.७ टक्क्यांनी वाढला. नफा शून्य, हप्ता वर. अमेरिकेतलंच मेरीलँड राज्य बघा: तिथे १९७० च्या दशकापासून हॉस्पिटलचे दर एक सरकारी आयोग ठरवतो, आणि बिल कुठल्याही कंपनीने भरो, दर एकच.

तिकडचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे आणू नका. आपला देश २०२१-२२ मध्ये उत्पन्नाच्या जेमतेम ३.८ टक्के आरोग्यावर खर्च करत होता, माणशी ६,६०२ रुपये. हा काटकसरीचा पुरावा नाही; कितीतरी लोक दुखणं अंगावर काढतात म्हणून आकडा लहान आहे. त्यातले ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेले. २०१३-१४ मध्ये हेच ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा मोठी आहे. खासगी विम्याचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास. आता तुम्हीच सांगा, सात रुपयांवर कितीही कडक पहारा ठेवला तरी शंभरावर किती फरक पडणार? पण हॉस्पिटलचा दर मात्र त्या सात रुपयांकडे बघून ठरतो आणि चंदगडहून उधार-उसनवारी करून आलेल्यालाही तोच लागतो. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. विम्यावर नियम आणि दरावर नाही, अशा व्यवस्थेत विमा न घेतलेला माणूस सगळ्यात जास्त भरडला जातो.

आता घरात काय करायचं

नोटीस आली की कंपनीला मेल करा: वाढीतली किती वयोगट बदलल्यामुळे आणि किती पूर्ण पॉलिसीचाच दर वाढवल्यामुळे? उत्तर लेखी मागा. वयोगटामुळे असेल तर दुसरीकडे गेल्यावरही तेच होणार. दर वाढवल्यामुळे असेल तर पोर्ट करायचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायचा, विचार करा, पण रिन्यूअलच्या दीड-दोन महिने आधी. जुन्या आजारांसाठी आधी थांबून झालेली वर्षं सोबत येतात.

पॉलिसीची जाड पुस्तिका वाचायची गरज नाही. 'ग्राहक माहिती पत्रक' नावाचा एक थोडक्यातला कागद प्रत्येक पॉलिसीसोबत असतो, आणि तो मराठीत मागता येतो. मागत कुणी नाही. त्यात रूमची मर्यादा, को-पे (क्लेममधला आपण भरायचा ठरलेला वाटा), थांबायचे काळ एवढं तरी अधोरेखित करा. तुलना करायला 'आरोग्य संजीवनी' हाताशी ठेवा. २०२० पासून तिचे नियम सगळ्या कंपन्यांत एकच आहेत: रूम विम्याच्या रकमेच्या दोन टक्के पण दिवसाला जास्तीत जास्त ५,०००, आयसीयू पाच टक्के आणि जास्तीत जास्त १०,०००, को-पे पाच टक्के. माल एकच आणि किंमत वेगवेगळी, त्यामुळे कोण महाग विकतो ते लगेच दिसतं.

ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर दोन ठिकाणी लेखी एस्टिमेट घ्या. शाहूपुरी ते राजारामपुरी अंतर ते काय! विचारताना "मेडिक्लेममध्ये किती बसेल?" असं विचारू नका. "जनरल, शेअरिंग आणि सिंगल, तिन्ही रूमचं पॅकेज सांगा" असं विचारा. तिन्ही आकडे शेजारी आले की हॉस्पिटल रूमप्रमाणे दर बदलतं का ते कळतं. रेशनकार्डावर योजनेत बसतं का, हेही त्याच वेळी, ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. नंतर विचारलं की "आता कॅशमध्ये फाईल झालीय" असं ऐकून घ्यावं लागतं.

सोबत आलेल्या पाहुण्यांना रूम निवडू देऊ नका.

तक्रार कुठल्या दारात

चुकीचं दार गाठलं की तक्रार फिरत राहते, म्हणून वाद कशाचा आहे ते आधी ठरवा.

क्लेम नाकारला, कमी दिला, उशीर केला: हा वाद विम्याचा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. कंपनीच्या क्लेम समितीने बघितल्याशिवाय क्लेम नाकारायचा नसतो, तेव्हा नकाराचं पत्र आलं की पॉलिसीतलं नेमकं कलम मागा. 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करता येते. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरला पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद चालतात, आणि कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

दर अवाच्या सवा लावला, बिलाचा तपशील दिला नाही: इथे आयआरडीएआय काही करू शकत नाही. तिचा अधिकार विमा कंपनीवर. हॉस्पिटल हा राज्याचा विषय. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. शहरात ही नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, म्हणून अर्ज तिथे द्या. अर्जाला बिलाची झेरॉक्स जोडा, आणि दरपत्रक जिथे लावायला हवं होतं त्या भिंतीचा मोबाइलवर काढलेला फोटो, तारखेसह. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.